चापिंगोतला वर्धेकर

मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. दोन चौकांभोवती तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर लांबलचक ओवऱ्या. या ओवऱ्यांच्या भिंती दिएगो रिवेरा या चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. वरच्या मजल्यावरचं एक चित्र जेवणाच्या पंगतीचं आहे. टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं बसली आहेत, मागे फळांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई उभी आहे, आणि पंगतीच्या अग्रभागी बसलेला सावळा माणूस पाव मोडून वाटतो आहे. चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर ‘आमची रोजची भाकर’. पाव मोडणारा तो माणूस वर्ध्याचा.

अध्यक्षमहाशय आणि श्रोतेहो, त्या माणसाचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. आजच्या व्याख्यानाचा विषय ‘परदेशातला पाहुणा शास्त्रज्ञ’ असा आहे आणि वर्ध्यात बसून या विषयाला हात घालायचा तर दुसऱ्या कुणापासून सुरुवात करणं बरं दिसलं नसतं. आजचा पाहुणा शास्त्रज्ञ म्हटला की काही गोष्टी आपसूक येतात: विद्यापीठाचं आमंत्रणपत्र, व्हिसाचा शिक्का, ठरलेलं मानधन, विम्याचे कागद आणि खिशात परतीचं तिकीट. खानखोज्यांच्या खिशात यातलं काही नव्हतं. परतीचा रस्ता तर इंग्रज सरकारने कायमचा बंद केलेला. तरीही एका परक्या देशाने त्यांना प्राध्यापकाची खुर्ची दिली, प्रयोगासाठी जमीन दिली आणि शेवटी भिंतीवरही जागा दिली.

त्यांचा जन्म १८८० च्या दशकातला. त्या वेळी वर्धा हे गाव म्हणून अगदीच कोवळं होतं. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ साली जिल्ह्याचं ठाणं वसवलं गेलं, त्याला जेमतेम दोन दशकं झाली होती. गांधीजींच्या सेवाग्रामला अजून अर्धं शतक अवकाश होता. वडील अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. सरकारदरबारी कोण काय मागतं आणि पदरात काय पडतं, हे या घरातल्या मुलाला शाळेबाहेरच कळलं असणार. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण वर्ध्यात झालं, पुढचं नागपुरात. आणि याच शाळकरी वयात मध्य प्रांतावर एकामागून एक दोन मोठे दुष्काळ कोसळले: १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. पुढे या माणसाने आयुष्यभर कोरडवाहू पिकाचा ध्यास का घेतला, याचं उत्तर शोधायला मेक्सिकोला जावं लागत नाही.

देश सोडताना मात्र डोक्यात शेती नव्हती, बंदूक होती. लोकमान्य टिळकांना भेटून त्यांनी सल्ला विचारला. टिळकांनी जपानचं नाव घेतलं. रशियाला हरवलेलं जपान तेव्हा आशियातल्या सगळ्या तरुणांच्या डोळ्यांत भरलं होतं. खानखोजे जपानला गेले आणि तिथून कॅलिफोर्नियाला. एकीकडे सॅन राफेलच्या माउंट तामाल्पाइस लष्करी विद्यालयात कवायत आणि डावपेच, दुसरीकडे शेतीचं रीतसर शिक्षण. ओरेगॉनमधलं कॉर्व्हालिस आणि वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन ही त्यांच्या शिक्षणाची दोन गावं. यातलं पुलमन श्रोत्यांनी जरा लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडणार आहे.

या विद्यार्थ्यांचं राहणं आजच्यासारखं नव्हतं. शेतावर फळं तोडायची, हॉटेलात भांडी घासायची, लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढायचे आणि त्यातून फी भरायची, अशी त्या किनाऱ्यावरच्या हिंदी विद्यार्थ्यांची रीत होती. भोवतालची हवाही फारशी प्रेमाची नव्हती. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना, बहुतेक पंजाबी शिखांना, झोपडीझोपडीतून बाहेर काढून गावाबाहेर हाकलून दिलं. असल्या अपमानांतूनच १९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावर हिंदी लोकांची संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस. ‘गदर’ हे तिचं पत्र, आणि त्या पत्रावरून संघटनेला पडलेलं नाव गदर पक्ष. तिच्या लष्करी बाजूची जुळवाजुळव करणाऱ्यांत खानखोजे आघाडीवर होते. पीर खान हे त्यांचं तिथलं एक नाव.

पहिल्या महायुद्धातली त्यांची इराणची मोहीम, टोळ्यांबरोबरचं डोंगरातलं जिणं, जखमी होणं, पकडलं जाणं, निसटणं, मग बर्लिन आणि १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त, ॲग्नेस स्मेडली या सहकाऱ्यांच्या बरोबरीने केलेली मॉस्कोची वारी, हे सगळं सांगत बसलं तर रात्र पुरणार नाही. त्यावर एखादा चित्रपटवाला केव्हातरी हात मारीलच. आपण शेताकडे वळू.

१९२४ साल उजाडलं तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या माणसासमोर जगाचा नकाशा फारच आक्रसला होता. हिंदुस्थानात पाऊल ठेवलं तर तुरुंग. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाई लोकांच्या येण्यावर बंदी घातली होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकालच देऊन टाकला. युरोप युद्धाने पोखरलेला. उरला मेक्सिको. तिथे नुकतीच दहा वर्षांची क्रांती होऊन गेली होती, १९१७ च्या घटनेने जमीन वाटपाचं वचन दिलं होतं आणि परागंदा माणसांना दार उघडं ठेवण्याची त्या देशाला सवय लागत होती. बंगाली क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय त्याआधीच तिथे राहून, साम्यवादी पक्ष काढून पुढे निघून गेले होते. शिवाय एक ओळख होती. सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे वाणिज्यदूत असलेले रामोन दे नेग्री तोवर स्वतःच्या देशात बडे अधिकारी झाले होते. परदेशात नोकरी ओळखीने मिळते ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

नोकरी लागली ती चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात. चापिंगो हे एका माजी राष्ट्राध्यक्षाचं जमीनदारी वतन. क्रांतीनंतर ते सरकारजमा झालं आणि १९२४ साली शेतीची शाळा तिथे हलवली गेली. जमीन कशी कसावी ते इथे शिकवलं जाईल, माणसाला कसं पिळावं ते नाही, अशा अर्थाचं तिचं ब्रीद आहे. वतनदाराच्या खासगी प्रार्थनामंदिरात रिवेराने माती, बीज आणि माणूस यांची चित्रं काढली. अशा जागी वर्ध्याच्या अर्जनवीसाचा मुलगा स्पॅनिश भाषेत मेक्सिकन पोरांना पीकशास्त्र शिकवू लागला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पाहुण्या शास्त्रज्ञाची खरी परीक्षा इथे सुरू होते. वर्धा समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पार. चापिंगो सव्वादोन हजार मीटरवर, रात्रीचं दव गोठून पिकाची पानं काळी पडतात असं. ज्वारी-कपाशीच्या काळ्या मातीतून आलेल्या माणसाच्या हाती पीक आलं ते मका. आणि मका हे काही मेक्सिकोचं नुसतं पीक नाही, तो देशच त्याचं माहेर आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्याच शेतकऱ्यांनी तेओसिंत्ले नावाच्या रानगवतातून निवडत निवडत मक्याचं कणीस घडवलं. त्यांना मका शिकवायला जाणं म्हणजे पंढरपूरच्या बडव्यांना आरती शिकवण्यासारखं होतं.

खानखोज्यांनी उलट वाट धरली. त्यांनी त्या गवतालाच हात घातला. तेओसिंत्ले आणि मका यांचे संकर, थंडीला आणि पाण्याच्या ताणाला दाद न देणारी वाणं, निवड पद्धतीने सुधारलेले स्थानिक मके, अशी त्यांची कामं चालली. १९३० च्या सुमारास त्यांचे मक्याच्या नव्या वाणांवरचे अहवाल निघू लागले. ‘ग्रानादा’ नावाच्या मक्याचं मूळ, त्याची उत्क्रांती आणि लागवड यांवर त्यांनी १९३६ साली पुस्तक काढलं. गहू, कडधान्यं आणि रबर यांवरही त्यांनी काम केलं, पण जीव मक्यातच गुंतलेला दिसतो.

विदर्भातल्या माणसाला तिथल्या स्वयंपाकघरात ओळखीचं फार काही सापडलं असणार. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी दगडी पाट्यावर वरवंट्याने वाटायचा, हातावर थापून मातीच्या तव्यावर टाकायचा. झाली तोर्तिया, म्हणजे आपली भाकर, जराशी धाकटी. (चुना आपण दुसऱ्याच कामाला वापरतो; तिथे तो खाल्लेल्या मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लावतो.) शेतातही तोच प्रकार. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरायची त्यांची ‘मिल्पा’ पद्धत. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात. कपाशीच्या ओळींत तुरीचं तास टाकणाऱ्या सेलू-देवळीच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

संशोधन केंद्राच्या कुंपणात हा माणूस मावला नाही. क्रांतिकारकाची खोड होतीच. खेड्यांत ज्यांना नुकतीच जमीन मिळाली होती, पण बी-बियाणं, खत, पतपुरवठा यांतलं काही ठाऊक नव्हतं, अशांसाठी त्यांनी मुक्त शेतकी शाळा सुरू करवल्या. फी नाही, प्रवेशाच्या अटी नाहीत. शेतकऱ्याने दिवसभर शेतात राबायचं आणि सवडीने येऊन शिकायचं. क्रांतीतला शेतकरी पुढारी एमिलियानो झापाता, त्याचं नाव एका शाळेला होतं. रिवेराने या कामाला हातभार लावला. तिना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईने खानखोज्यांच्या मक्याची, शाळांची, शेतकऱ्यांची छायाचित्रं काढली. या मोदोत्तीबाईसुद्धा मेक्सिकोत पाहुण्याच होत्या आणि १९३० साली सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं. पाहुणचाराला राजकारणाची मुदत असते, हे खानखोज्यांइतकं कोणाला कळत असणार? ते मात्र टिकले. १९३६ साली जीन नावाच्या बेल्जियन तरुणीशी त्यांनी लग्न केलं, दोन मुली झाल्या. थोरली सावित्री सॉहनी; पुढे तिनेच वडिलांचं चरित्र लिहिलं.

अलीकडे खानखोज्यांना मेक्सिकोच्या हरितक्रांतीचे जनक म्हणायची प्रथा पडली आहे. वर्धेकर म्हणून ते ऐकायला गोड लागतं, पण जनकपदाची ही घाई त्यांच्या कामाला न्याय देत नाही. मेक्सिकोची हरितक्रांती म्हणून जी जगाला माहीत आहे ती गव्हाची, ओलिताची, खताची. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या योजनेने ती १९४३ नंतर सुरू केली आणि नॉर्मन बोरलॉग १९४४ साली तिथे आले. खानखोज्यांचं काम त्याआधीचं, मक्यावरचं, पावसावर जगणाऱ्या लहान शेतकऱ्यासाठीचं. दोन्हींचा पत्ता चापिंगोच, पण गिऱ्हाईक वेगळं. विदर्भातल्या कोरडवाहू शिवारात उभं राहून विचारलं तर आपल्याला कुणाची वाट जवळची, हे सांगायला फार डोकं चालवावं लागणार नाही.

त्याच काळात हाच प्रकार उलट्या दिशेने आपल्याकडेही घडत होता. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीत पुसाला आला. आला होता हिंदी शेतकऱ्याला शिकवायला. पुढे स्वतःच म्हणू लागला की इथले शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले प्राध्यापक. कापूस समितीच्या पैशावर त्याने इंदूरला संस्था चालवली, शेण आणि काडीकचऱ्यापासून खत करायची इंदूर पद्धत बसवली, आणि १९३५ साली गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ती पाहिली. एक इंग्रज हिंदी शेतकऱ्याचा विद्यार्थी झाला, एक हिंदी मेक्सिकन शेतकऱ्याचा. दोघांची गाठ कधी पडली असती तर बोलणं खताच्या खड्ड्यावरून सुरू झालं असतं.

वर्ध्याने मात्र परदेशी जाण्याच्या प्रश्नाला एकच एक उत्तर कधी दिलेलं नाही. सिराक्यूज आणि कोलंबिया इथे शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा १९३४ नंतर मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागदाचं अर्थशास्त्र मांडत बसले. १९४५ साली तुरुंगातून सुटलेले वर्ध्याचे तरुण प्राध्यापक ठाकुरदास बंग अमेरिकेत अर्थशास्त्र शिकायला निघाले. प्रवेश पक्का, निघण्यापूर्वी सेवाग्रामला बापूंचा आशीर्वाद घ्यायला गेले. अर्थशास्त्र शिकायचं तर अमेरिकेत कशाला, हिंदुस्थानच्या खेड्यात जा, अशा अर्थाचं एक वाक्य बापूंनी उच्चारलं. बंगांनी प्रवेशाचं पत्र फाडलं आणि विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात राहायला गेले. ही हकीकत त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग अनेक सभांत सांगत आले आहेत. पण गंमत पुढे आहे. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये वाढलेले हेच अभय बंग पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. परत येऊन १९८६ साली गडचिरोलीत बसले. खेड्यातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी तान्ह्या मुलांची शुश्रूषा करायची त्यांची पद्धत, आणि तिने अर्भकांचे मृत्यू किती घटले याचा हिशेब ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली छापून आला. हिशेब मांडायची विद्या बाल्टिमोरची, प्रश्न गडचिरोलीचा. बापाने प्रवेशाचं पत्र फाडलं, त्याला मुलाने विरोध केला असं म्हणायचं की बापाचंच काम पुरं केलं असं म्हणायचं, यावर वर्ध्यात दोन्ही बाजूंनी वाद घालणारे भेटतील.

आता पुन्हा मेक्सिको, कारण आपल्या घरात तो देश आपण समजतो त्याहून जास्त आहे. जेवणातली मिरची तिकडची. दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू तिकडचा. मेक्सिकन लोक तो नोव्हेंबरात पितरांसाठी वाहतात. आणि कपाशी? एकेकाळी ‘हिंगणघाट’ या नावाने इंग्लंडच्या बाजारात ओळखला जाणारा आपला देशी कापूस कधीच मागे पडला. आज वर्धा जिल्ह्याच्या शेतांत उभी असते ती जवळजवळ सगळी अमेरिकन जातीची कपाशी, आणि तिचं मूळ मेक्सिकोच्या बाजूचंच. २००२ नंतर तिच्या अंगात बीटीचा जनुक आला, तो आणखी वेगळ्या कारखान्यातून. झाडं पाहुणी म्हणून येतात आणि दोन पिढ्यांत घरमालक होतात.

मघाशी पुलमन लक्षात ठेवायला सांगितलं होतं. जपानात नोरिन १० नावाचा बुटक्या गव्हाचा वाण होता. महायुद्ध संपल्यावर १९४६ साली एका अमेरिकन शेतीतज्ज्ञाने त्याचं बी अमेरिकेत आणलं. ते पोहोचलं पुलमनला, ऑर्व्हिल व्होगेल यांच्या हाती; खानखोजे जिथे शिकले त्याच संस्थेच्या शेतात. व्होगेल यांनी त्याचे संकर केले आणि त्यातलं बी बोरलॉगना मेक्सिकोत धाडलं. बोरलॉग वर्षात दोन पिकं घेत, एक मध्य मेक्सिकोच्या पठारावर, दुसरं उत्तरेला सोनोराच्या उष्ण खोऱ्यात. दिवस लहान असो की मोठा, पिकणारा गहू त्यातून तयार झाला, म्हणूनच तो हजारो मैल दूर हिंदुस्थानातही रुजू शकला. जपान, पुलमन, मेक्सिको, हिंदुस्थान. गव्हाच्या एका जनुकाने पुढे जो प्रवास केला, त्याचे टप्पे खानखोज्यांच्या प्रवासातही याच क्रमाने येतात. मधला इराण आणि मॉस्को तेवढा गव्हाला चुकला.

स्वातंत्र्य आलं तेव्हा खानखोजे साठी ओलांडून गेले होते. परतायची ओढ होती आणि मध्य प्रांताच्या सरकारकडून शेतीच्या कामासाठी बोलावणंही आलं. पण इंग्रजांनी केलेली काळी यादी नव्या राज्याच्या कपाटात जशीच्या तशी पडून होती आणि तीत त्यांचं नाव होतं. ज्या राज्याविरुद्ध लढल्याबद्दल ते नाव यादीत चढलं, ते राज्य गेलं, यादी राहिली. देशाच्या दारात या म्हाताऱ्या क्रांतिकारकाला अडवलं गेलं. अडथळा दूर झाला तो खटपटीनंतर. मेक्सिकोत पाहुणा म्हणून गेलेल्याला खुर्ची मिळाली होती. घरी आलेल्याला आधी कागद दाखवावे लागले. बायकोमुलींसह ते अखेर नागपुरात राहिले. मेक्सिकोसारखी प्रयोगाची शेतं आणि शाळा मात्र पुन्हा त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते.

१९६५ साली भारताने मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं अडीचशे टन बी आणलं. १९६६ साली त्यात मोठी उडी मारली: १८,००० टन, बहुतेक लेर्मा रोहो जातीचं. हिवाळ्याच्या तोंडाशी ते उत्तर हिंदुस्थानभर पेरलं गेलं. २२ जानेवारी १९६७ रोजी पांडुरंग खानखोजे नागपुरात वारले, तेव्हा पंजाबात चापिंगोच्या बाजूचा तो गहू शेतात हिरवागार उभा होता.